वरच्या माणसाच्या हातातला दोर

मी दोर बोलतोय. गुरं बांधायचा नव्हे, बोजे आवळायचा नव्हे, माणूस बांधायचा. बंद टाकीत, खोल हौदात, जमिनीखालच्या चेंबरमध्ये जो उतरतो त्याच्या पाठीवरच्या कडीत माझं एक टोक अडकवलेलं असतं. दुसरं टोक वर, उजेडात, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताशी. दोन्हीकडे माणसं आणि मधला सगळा मी.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आत सरळ धाग्यांचा गाभा, वरून घट्ट विणलेलं पांढरं कवच आणि त्यात एक निळी रेघ. विणून झालेला माल तपासायला तिथे एक बाई होती. ती मला मुठीतून हळूहळू सरकू द्यायची, डोळे मिटून. कुठे गाठ असेल, धागा उसवलेला असेल तर तिच्या तळव्याला बरोबर कळायचं.

एकदा शेजारणीनं तिला विचारलं, "अगं, डोळे काय मिटतेस? झोप आली का?"

"याच्यावर कुणाचा तरी नवरा लोंबकळणार आहे," ती म्हणाली. "बघून नाही कळत गं, हातालाच कळतं."

दोघी हसल्या. मी नवा होतो. नवरा म्हणजे काय आणि लोंबकळणं म्हणजे काय, मला दोन्ही ठाऊक नव्हतं.

तिथून मी एका दुकानात आलो. हेल्मेटं, हातमोजे, गमबूट यांच्या शेजारी खिळ्याला टांगलेला. गिऱ्हाईक यायचं, मला ओढून बघायचं, वाकवून बघायचं आणि "घरी एक जुना आहे, चालेल तोच" म्हणून निघून जायचं. माणसं चप्पल घेताना दहा जोड घालून चालून बघतात. जीव टांगायचा दोर मात्र त्यांना जुनाच चालतो. दुकानदारानं अंगावर फडकं मारलं तेवढंच, नाहीतर मी धूळ खात पडलो होतो.

मग एके दिवशी ताई आली.

ती कपडे शिवणारी. सोबत तिचा नवरा होता, आणि तिचा धाकटा भाऊ. नवऱ्याचा धंदा टाक्या साफ करण्याचा. कारखान्यांच्या, गोदामांच्या, मोठमोठ्या इमारतींच्या टाक्या. आत उतरायचं, गाळ खरवडायचा, भिंती घासायच्या, गंज काढायचा. भाऊ त्याला दाजी म्हणायचा, पुढे कारखान्यातली माणसंही दाजीच म्हणायला लागली, म्हणून मीही दाजीच म्हणतो. भावाला दाजी चिडवून 'मेहुणे' म्हणायचे. तेच नाव त्याला चिकटलं.

त्या आठवड्यात दाजी एका हौदात उतरले होते आणि चक्कर येऊन शिडीवरच बसले होते. कसेबसे वर आले, घरी येऊन आडवे झाले आणि "उन्हाचं झालं असेल" म्हणाले. ताईनं शिवणयंत्रावर कापड टाकलं, दिवा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी दोघांना दुकानात घेऊन आली.

दुकानदारानं सगळं दाखवलं. अंगात घालायचा पट्टा, टाकीच्या तोंडावर उभी करायची तिपाई, तिच्या डोक्यावरची कप्पी, पायाशी हातानं फिरवायची चरखी आणि हवा तपासायचं मीटर. दाजी किमती ऐकून छताकडे बघत होते. ताईचं लक्ष किमतीकडे नव्हतंच. तिनं पट्ट्याची शिलाई नखानं उचकटून बघितली.

"टाका चांगला आहे," ती म्हणाली. "हे द्या. आणि तो निळ्या रेघेचा दोर."

"अगं, पण एवढं सगळं..." दाजी बोलायला गेले.

"एक तर हे घ्या, नाहीतर धंदा सोडा. आणि वर उभं राहायला आपलं माणूस हवं."

आपलं माणूस म्हणजे मेहुणा. तो कापडाच्या दुकानात काउंटरवर होता. ते दुकान नुकतंच बंद पडलं होतं. हात कापडाला सरावलेले आणि जीभ गिऱ्हाइकांना. मला घरी आणल्यावर त्यानं काय करावं? कापड मोजतात तसं नाकापासून हाताच्या टोकापर्यंत धरून मला मोजलं आणि गुंडाळून, दुमड सरळ करून, थापटून टेबलावर ठेवलं.

"काय मेहुणे, पदराला काठ आहे का?" दाजींनी विचारलं.

"आहे ना. निळा. रंग जाणार नाही, गॅरंटी."

सगळे हसले. दाजींची आई कोपऱ्यात भाजी निवडत होती, तीसुद्धा हसली. फक्त ताई हसली नाही. ती भावासमोर येऊन बसली.

"मला एक वचन दे."

"दिलं."

"आधी ऐक तरी."

"तू काय, मिशी काढ म्हणशील. दिलं."

"यांना आत काही झालं," ताई म्हणाली, "तर तू आत उतरायचं नाहीस."

मेहुणा हसता हसता थांबला. "म्हणजे? दाजी आत पडले तर मी वर उभा राहून बघू?"

"बघायचं नाही. ओढायचं. ओरडायचं, माणसं बोलवायची, हवा सोडायची. काय वाटेल ते कर, पण उतरायचं नाही. त्या साखरेच्या कारखान्यात काय झालं, ऐकलंस ना? एक आत पडला. त्याला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्याला काढायला तिसरा. त्या तिसऱ्याची बायको माझ्याकडे कपडे शिवायला यायची." तिचा आवाज जरा खाली गेला. "मला एकाच दिवशी नवरा आणि भाऊ दोघं गमवायचे नाहीत."

"म्हणजे मी एकटा गेलेला चालेल?" दाजींनी वातावरण हलकं करायला विचारलं.

"तुम्ही गप्प बसा. हे सगळं कुणासाठी चाललंय?"

मेहुण्यानं तिच्या हातावर हात ठेवला. मी टेबलावर त्यांच्या मध्येच होतो.

असं माझं आयुष्य सुरू झालं. आमची एक भाषा ठरली. एक झटका म्हणजे सगळं ठीक. दोन झटके म्हणजे सैल सोड. तीन म्हणजे ओढ. मी रंगाच्या कारखान्यात उतरलो, तेलाच्या टाकीत उतरलो, पाण्याच्या टाक्यांत तर किती वेळा. कुठे भिंतींना शेवाळ, कुठे तळाशी गुडघाभर चिकट रेंदा. एका टाकीत बुटांचा एकच जोड सापडला, कुणाचा ते कुणालाच माहीत नव्हतं. दाजींनी तो वर पाठवला आणि त्या दिवशी मेहुणा मिनिटामिनिटाला माझ्यावरून झटका मागत राहिला.

त्याचं तोंड एरवीही कधी बंद नसायचं. टाकीच्या काठाशी स्टूल टाकून बसायचा आणि आत तोंड करून बोलत राहायचा. कापडाच्या दुकानात आलेली कंजूष गिऱ्हाइकं, ताईच्या लहानपणच्या खोड्या, समोरून जाणाऱ्या ट्रकवर काय लिहिलंय ते. दाजी खालून "हं" म्हणायचे, "पुढे?" म्हणायचे, कधी वैतागून "जरा श्वास घे रे" म्हणायचे. कारखान्यातली माणसं हसायची.

"याला पगार कसला देता? बसून गप्पा मारायचा?" असं कुणीतरी विचारायचंच. कुणी त्याला 'वरचे साहेब' म्हणायचं.

मेहुणा स्वतःही हसायचा. पण मला ठाऊक होतं, खालून "हं" यायला जरा उशीर झाला की त्याची मूठ माझ्यावर आवळायची. बडबड ही त्याची नाडी बघायची रीत होती. सावलीत बसलेल्या त्या माणसाचा तळवा संध्याकाळपर्यंत घामानं भिजलेला असायचा. बाहेरून बघणाऱ्याला तो रिकामा बसलेला दिसायचा. कुणाकडे तरी सतत लक्ष ठेवणं हे काम आहे, हे डोळ्यांना दिसतच नाही.

आणि मग ती रिकामी टाकी आली.

एका जुन्या कारखान्याच्या मागच्या बाजूला ती उभी होती. लोखंडी, उंच, वर शिडी. कितीतरी महिने तिच्यात काही भरलं नव्हतं, झाकणही उघडलं नव्हतं. कारखान्याला ती पुन्हा वापरायची होती. आत गंज किती चढलाय ते बघून दाजींनी कामाचा अंदाज द्यायचा होता. बस, एवढंच.

मीटर त्या दिवशी दुरुस्तीला दिलेलं होतं. आदल्या दिवशी त्याचं बटण बिघडलं होतं, संध्याकाळी मिळणार होतं.

"आपण उद्या येऊ," मेहुणा म्हणाला.

"उद्या दुसरं काम आहे," दाजी म्हणाले. "आणि आत आहे काय? ना रसायन, ना गाळ. रिकामी टाकी. वाससुद्धा नाही. मी पाच मिनिटांत बघून येतो."

कारखान्याचा सुपरवायझर खाली उभा होता. तोही म्हणाला, "अहो, कोरडी ठणठणीत आहे. आत काय वाघ बसलाय?"

वाघ नाही हे मेहुण्यालाही दिसत होतं. पण त्यानं एक गोष्ट केली. झाकण उघडल्यावर तो जाऊन टाकीच्या तोंडावरच पाय पसरून बसला.

"ऊठ."

"पट्टा घाला, मग उठतो. तिपाई लावू द्या, दोर अडकवू द्या."

"अरे, नुसतं बघायला जातोय मी! हे सगळं उभं करायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात मी परत येईन."

"मग परत या आणि पुन्हा जा. मी बसलोय. एक गिऱ्हाईक होतं आमच्याकडे, असंच घाईत..."

"बाबा रे!" दाजींनी हात जोडले. "तुझ्या तोंडाचा पट्टा थांबणार असेल तर मी अंगाचा पट्टा घालतो. आण!"

तिपाई लागली. चरखी लागली. माझं टोक दाजींच्या पाठीवरच्या कडीत खट्कन बसलं. दाजी कुरकुरत आतल्या शिडीवरून उतरू लागले.

मी त्यांच्यासोबत उतरलो. आत खरंच काही नव्हतं. वास नाही, धूर नाही, ओल नाही. भिंतींवर तांबूस गंजाचे पापुद्रे आणि वरून पडलेला उजेडाचा एक गोल. टाकीच्या मध्यावर एका भिंतीतून पुढे आलेली, दुसरं टोक मोकळं असलेली एक आडवी लोखंडी पट्टी होती. दाजी तिच्या खालून वाकून पलीकडे गेले. मी तिच्या कडेवरून वळलो.

"कशी आहे?" वरून मेहुण्यानं विचारलं.

"गंज बराच आहे," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज घुमला. "पण पत्रा अजून चांग..."

शब्द तिथेच राहिला.

ते ओरडले नाहीत, खोकले नाहीत, मला झटकाही दिला नाही. बोलता बोलता माणूस गळून पडला, एवढंच. माझ्यावर एकदम त्यांचं वजन आलं. कुणी ओढतं तेव्हा त्या ओढीत मन असतं. या वजनात काहीच नव्हतं.

"चांगला आहे? दाजी?"

मेहुण्यानं मला झटका दिला. परत दिला. "दाजी, झटका द्या! दाजी!"

मग मला शिडीवर पावलाचा आवाज आला. त्यानं एक पाय आत टाकला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, त्याचे हात माझ्यावर होते. तो तसाच, अर्धा आत आणि अर्धा बाहेर, उभा राहिला. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. खाली त्याच्या बहिणीचा नवरा पडलेला त्याला दिसत होता. हात पुढे केला तर लागेल असं वाटण्याइतका जवळ.

त्यानं पाय बाहेर काढला.

"ताई गं," असं काहीतरी तो स्वतःशीच बोलला आणि चरखीचं हँडल धरलं.

त्याची हाक ऐकून कारखान्यातला एक धिप्पाड फिटर शिडी चढून धावत वर आला. त्यानं आत वाकून बघितलं आणि लगेच उतरायला पाय उचलला. मेहुण्यानं एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं त्याचा शर्ट मागून पकडला.

"सोड! माणूस मरतोय आत, आणि तू इथे..."

"आत हवा नाही! तुम्ही उतरलात की तुम्हीही तिथेच पडाल आणि तुमच्या अंगाला दोर नाही! मी तुम्हाला कसा काढू? हँडल धरा. पाया पडतो तुमच्या, हँडल धरा!"

फिटरनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि हँडल धरलं.

दोघं मिळून फिरवू लागले. मी ताणलो. दाजी जमिनीवरून उचलले गेले, थोडे सरकले, थोडे वर आले. आणि अडकले. खांदा त्या आडव्या पट्टीच्या खाली बसला होता. मी पट्टीच्या कडेवर घासत होतो, माझं कवच उसवत होतं.

"जोर लाव!" फिटर ओरडला.

"नको! थांबा!" मेहुणा वाकून बघत होता. "पट्टीखाली अडकलेत. जोर लावला तर दोर तुटेल."

"मग?"

मला मेहुण्याचा विचार कळला आणि मीसुद्धा हादरलो.

"सोडायला लागेल," तो म्हणाला. "परत खाली सोडायचं, दोर बाजूला घ्यायचा, मग ओढायचं."

"खाली सोडतोस? परत?"

"सोडा."

चरखी उलटी फिरली. जो माणूस वर येत होता तो पुन्हा त्याच हवा नसलेल्या शांततेत खाली चालला. मी सैल पडलो. दुकानात ठाण उलगडताना कापड काउंटरवर लांब फेकतात, तसं मेहुण्यानं मला मनगटानं बाजूला उडवलं. मी पट्टीवर आपटून परत तिथेच आलो. त्यानं पुन्हा उडवलं. या वेळी तो जवळजवळ रडत होता. माझी लाट पट्टीच्या टोकापर्यंत गेली, कडेवरून निसटली आणि मी मोकळा झालो.

"ओढा!"

मी एवढा कधीच ताणलो नव्हतो. माझा एकेक धागा कण्हत होता. डोळे मिटून तपासणाऱ्या त्या बाईचा तळवा मला तेव्हा आठवला. दाजी वर आले, उजेडात आले. फिटरनं त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं.

चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. श्वास नव्हता. मेहुण्यानं त्यांना उताणं केलं, छातीवर दोन्ही तळवे ठेवून दाबायला लागला, मध्येच तोंडानं श्वास भरायला लागला. दुकानदारानं मला विकताना त्याला हे एका पुतळ्यावर शिकवलं होतं, तेव्हा तो आणि दाजी खूप हसले होते. आता तो मोजत नव्हता, बोलत होता. "दाजी, ऐका, ताईला काय सांगू मी? दाजी, तुम्हीच सांगा तिला काय ते. मी नाही सांगणार..."

दाजींच्या घशातून एक ओबडधोबड आवाज आला. मग खोकला. मग श्वास.

फिटर खाली वाकून "गाडी बोलवा!" म्हणून ओरडला.

नंतर अग्निशामक दलाची माणसं आली. त्यांनी आपलं मीटर टाकीत सोडलं तर ते किंचाळायलाच लागलं. त्यांच्या प्रमुखानं सुपरवायझरला सांगितलं, "बंद टाकीत लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. वास येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. दोन श्वास आणि माणूस खाली. रिकामी टाकी नव्हती ही, हवा नसलेली होती." सुपरवायझरनं मान खाली घातली. वाघाचं त्यालाही आठवलं असेल.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी मेहुण्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो. ताई शिवणाची फुटपट्टी हातात घेऊनच धावत आली होती. दाजी शुद्धीवर आहेत हे तिला फोनवर कळलं होतं. तिनं भावाला नखशिखांत बघितलं.

"तू उतरला होतास?"

"नाही," तो म्हणाला. "एक पाय टाकला होता. मग काढला."

ती तिथेच बाकावर बसली, त्याचे दोन्ही हात ओंजळीत धरले आणि तोंडातून आवाज न काढता रडली.

दाजी बरे झाले. काही दिवस शब्द विसरायचे, चमच्याला 'ते, ते' म्हणायचे, जिना चढताना धापा टाकायचे. पण बरे झाले. बिघडलं ते दुसरंच.

भेटायला येणारी माणसं दाजींच्या आईजवळ बसायची आणि बोलायची. कुणीतरी म्हणालं, "मेहुणा होता ना सोबत? तो नाही उतरला?" कुणीतरी म्हणालं, "फिटर परका असून उडी मारायला निघाला होता म्हणे. यानंच त्याला अडवलं." आईनं ते ऐकलं आणि मनात धरलं. ज्या म्हातारीनं त्याला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं, ती त्याच्याशी बोलेना. ताट ठेवायची, पण त्याच्याकडे बघायची नाही.

एकदा तो दाजींना औषध देत होता, तेव्हा ती दारातून म्हणाली, "सख्खा भाऊ असता तर उतरला असता."

"आई!" ताई कळवळली. "मीच सांगितलं होतं त्याला. तो उतरला असता तर दोघंही..."

"तुझा भाऊ आहे, तू बोलणारच."

दाजींनी उठून समजवायचा प्रयत्न केला. "तू गप्प पड," म्हणून आईनं त्यांना निजवलं.

ज्याचं तोंड कधी बंद नसायचं तो मेहुणा घरात मुका झाला. त्यानं दुसऱ्या गावातल्या एका कापडाच्या दुकानात विचारून ठेवलं, आणि एके सकाळी सामान दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करण्याआधी तपासायला म्हणून अंगणात मांडलं. तिपाई उभी केली. माझं कवच उसवलेलं होतं, म्हणून तेवढा भाग टाळून मला चरखीत घातलं. खाली वाळूनं भरलेलं पोतं बांधलं आणि हँडल फिरवू लागला.

आई पाण्याची बादली घेऊन बाहेर आली. तिला बाजूनं जायचं होतं. पण ती थांबली.

"काय चाललंय हे?"

कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती. तो गडबडला. "तपासतोय काकू. उद्यापासून दुसरं कुणी येईल."

"पोत्यात काय आहे?"

"वाळू. दाजींच्या वजनाची."

आईनं बादली खाली ठेवली. पदर खोचला. "सर बाजूला."

तिनं हँडल धरलं. तिचे हात मला पहिल्यांदाच लागत होते. ते कोरडे, हाडकुळे, हट्टी होते. पोतं जमिनीवरून सुटलं आणि तिच्या कपाळाची शीर वर आली. थोडं फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. पोतं हवेत डुलायला लागलं.

"एवढं जड?" ती धापा टाकत म्हणाली. "आणि तो अडकला होता म्हणे मध्ये?"

"हो. पट्टीखाली."

"मग काय केलंस?"

मेहुण्यानं दुसरीकडे बघितलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, ताईलासुद्धा.

"सोडलं, काकू. परत खाली सोडलं त्यांना."

आईचं हँडल थांबलं. पोतं हवेतच होतं, सगळं वजन तिच्या दोन हातांत. तिनं हात सोडले असते तर ते खाली गेलं असतं. ती सोडत नव्हती. साधं वाळूचं पोतं सोडवत नव्हतं तिच्यानं.

"कसा सोडलास रे?" तिनं विचारलं, आणि तो आवाज आता दारातून टोचणारा नव्हता.

"हात सोडतच नव्हते," मेहुणा म्हणाला. "मी... माझे हात..." आणि मग तो भडाभडा रडायला लागला, त्या दिवशी रडायचं राहून गेलेलं सगळं.

दोघांनी मिळून पोतं खाली टेकवलं. आईनं त्याचे तळवे उलटे करून बघितले. फोड फुटून कातडी सोललेली होती, अजून भरली नव्हती. इतक्या दिवसांत त्या घरात कुणीच त्याचे तळवे उघडून बघितले नव्हते. ती आत गेली, मलम घेऊन आली, पायरीवर त्याच्या शेजारी बसली आणि एकेका बोटाला लावू लागली.

"मी असते तर उडी मारली असती," ती म्हणाली. "आणि मेले असते. वर माझ्या पोराला काढायला कुणी राहिलं नसतं."

तिनं करंगळीला मलम लावलं.

"त्या दुकानाला नाही म्हणून कळव."

"काकू..."

"माझ्या मुलाच्या डोक्यावर तूच उभं राहायचं. दुसरं कुणी मला चालणार नाही. आणि जरा बोलत जा रे घरात. घर खायला उठतं."

खिडकीत ताई उभी होती. तिच्या मागे दाजी. दोघांनी खिडकी हळूच लोटून घेतली.

माझं म्हणाल तर, एवढा झटका खाल्लेला, कवच उसवलेला दोर पुन्हा माणसाला बांधायचा नसतो. दाजींना मला आठवण म्हणून जपून ठेवायचं होतं. मेहुण्यानं ऐकलं नाही. "आठवण म्हणून ठेवाल आणि एक दिवस घाईत हाच उचलाल," म्हणून त्यानं ताईच्या कात्रीनं माझे तुकडे केले. मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण त्याचं बरोबर होतं. थकलेल्या दोरानं ताजा असल्याचं सोंग आणू नये.

त्यांच्याकडे आता नवा दोर आहे, हिरव्या रेघेचा. बरा आहे, जरा ताठ आहे, शिकेल. माझा एक तुकडा मात्र त्यांनी कामावर ठेवलाय. त्याच्या टोकाला मीटर बांधतात. टाकीचं झाकण उघडलं की सगळ्यांच्या आधी मी आत जातो. आधी वरची हवा, मग मधली, मग तळाची. मीटर गप्प राहिलं तरच दाजी पट्ट्याला हात लावतात. ओरडलं तर ब्लोअर लागतो, हवा भरतात, मी पुन्हा उतरतो. मीटर दुरुस्तीला असेल त्या दिवशी टाकीचं झाकण उघडतच नाही.

तुमच्या घरचं कुणी असं आत उतरत असेल तर त्याला एवढं विचारा, की वर कोण उभं आहे? आणि कधी काही घडलंच आणि वरचा माणूस उतरला नाही असं कळलं, तर त्याला भित्रा म्हणण्याआधी जरा त्याचे तळवे बघा.

बरं, मला निघायला हवं. आज एका विहिरीसारख्या खोल चेंबरचं काम आहे. झाकण निघालंय. दाजी पट्टा बाजूला ठेवून वाट बघतायत, मेहुणा त्यांना कुठल्यातरी कंजूष गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतोय, त्या गोष्टीला काही शेवट दिसत नाही. मीटर बांधून झालं. मला खाली सोडतायत.

मी आतली हवा बघून येतो. तोवर कुणी उतरू नका.